ब गटातली सातवी

“किती लिहू, सर?”

रेणुकानं पेन्सिल कागदावर टेकवली होती, पण लिहीत नव्हती. सकाळचे सव्वासहा झाले होते. बाकीच्या पंधरा पोरी आपापला कागद भरून माझ्या पिशवीखाली सारून गेल्या होत्या आणि मैदानाच्या कडेनं सावकाश पळत अंग मोकळं करत होत्या.

“काय किती?”

“दुखण्याचा आकडा.”

“किती दुखतंय?”

तिनं मान खाली घातली. “कालच्याएवढंच.”

काल, म्हणजे सोमवारी, तिनं सहा लिहिलं होतं. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. प्रत्येक मुलीनं रोज सकाळी पळण्याआधी हा तक्ता भरायचा होता. झोप किती झाली, नाडी किती पडली, दुखतंय का आणि किती. कागदाच्या तळाला नियम छापला होता. लागोपाठ दोन दिवस पाच किंवा त्याच्यावरचा आकडा आला, की त्या मुलीचं पळणं त्याच दिवशी बंद, तिला डॉक्टरकडे न्यायचं आणि माझ्या प्रबंधाच्या अभ्यासातून नाव कमी करायचं. नियम मराठीत मीच उतरवला होता. पोरींना तो पाठ होता.

“आज पण सहा लिवलं तर मला काढणार न्हवं?”

“नियम तसा आहे.”

“मग तुमच्या परीक्षेचं?”

“ते तू नको बघूस.”

मग ती म्हणाली, “चार लिहू?”

मी पाण्याच्या पिंपाकडे बघितलं. पिंपाचं झाकण नीट बसलं नव्हतं, ते जाऊन नीट बसवावं असं मला अगदी तातडीनं वाटलं. “तुला वाटेल ते लिही,” मी म्हणालो आणि झाकण बसवायला गेलो. परत आलो तेव्हा कागद पिशवीखाली होता आणि रेणुका पळायला गेली होती. त्यावर चार होतं.

त्या क्षणी मला जी भीती वाटली ती पुढचे पाच दिवस गेली नाही. ती कसली होती हे मला नीट माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटायचं. आज वाटत नाही.

मी तेव्हा सदतीस वर्षांचा होतो. विलास तेजम, आजऱ्याच्या कॉलेजच्या मैदानावरचा धावण्याचा कोच. चौदा वर्षं पोरं पळवत होतो आणि चौदा वर्षं कंत्राटावर होतो. कायम व्हायचं असेल तर प्रशिक्षणातली पदव्युत्तर पदवी पाहिजे, असा कागद आला, म्हणून पुण्याकडच्या एका क्रीडा संस्थेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम धरला. महिन्यातले दहा दिवस तिकडे वर्ग आणि वीस दिवस आपलं मैदान, अशी सोय होती. वर्गात आम्ही एकवीस कोच. कबड्डीवाले, कुस्तीवाले, तिरंदाजीच्या एक बाई, पोहण्याचे दोघे. आपापल्या मैदानावर ज्यांच्यासमोर पोरं चळाचळा कापायची, त्यांना संख्याशास्त्राच्या तासाला एकदम तहान लागायची. एकामागून एक सगळे पाणी प्यायला बाहेर. पहिल्या सहामाहीत मी दोन विषयांत गटांगळी खाल्ली आणि घरी सांगितलं, निकाल अजून लागायचाय.

पण शिकायला मिळत होतं हे खरं. मी ज्याला डोळा म्हणत होतो त्यातलं निम्मं नुसतं सवयीचं होतं, हे तिथं कळलं. हाडांचे एक डॉक्टर दोन दिवस शिकवायला आले होते. त्यांनी पडद्यावर एका मुलीच्या खुब्याचं चित्र दाखवलं. लांब पल्ला पळणारी अठरा वर्षांची मुलगी, जांघेत खोल दुखतंय म्हणायची, कोच म्हणाला शीर ओढली असेल. मांडीच्या हाडाच्या मानेत केसाएवढी चीर होती. डॉक्टर म्हणाले, “पोरीला एका पायावर उभं करा आणि जागच्या जागी उडी मारायला सांगा. जांघेत कळ आली तर त्या मिनिटापासून तिला पळू देऊ नका. चीर आहे तोवर नुसती विश्रांती पुरते. हाड मोडून सरकलं तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि मग तो गोळा मरतो.” मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या वर्षी प्रबंध. माझा विषय मीच निवडला होता, आणि मला त्याचा अभिमान होता. दर तिसऱ्या आठवड्याला पळण्याचं अंतर निम्मं केलं तर मुलींच्या दुखापती कमी होतात का आणि वेळ सुधारते का. सोळा मुली, चिठ्ठ्या टाकून आठ-आठचे दोन गट. अ गटाला विश्रांतीचा आठवडा, ब गटाला नेहमीसारखं, दर आठवड्याला थोडं वाढतं अंतर. नऊ आठवड्यांनी दोन्ही गटांची पाच हजार मीटरची चाचणी.

रेणुकाची चिठ्ठी ब गटात आली. सातवी.

रेणुका नांदवडेकर तेव्हा सतरा वर्षांची होती. बाप गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात, आई इथं काजूच्या कारखान्यात. पोरगी वजनानं चाळीस किलो भरली तर भरली, पण पळायला लागली की मागं वळून बघायची नाही. माझ्या हाताखालून गेलेल्यांत ती सगळ्यांत चांगली होती. हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण आमच्याकडे कोचनं तसं सांगायची पद्धत नाही.

आमच्याकडे आणखी एक पद्धत आहे. पळणारं पोरगं स्वतःला विचारत नाही, सरांना विचारतं. आज किती पळू, किती खाऊ, बूट बदलू का, आणि वेळ आली तर आपल्याला किती दुखतंय हेसुद्धा. चौदा वर्षं मीच ती लावली होती. पुण्याहून आलेला तक्ता काय, तो पोरीला विचारत होता. पोरीनं तोच कागद माझ्यापुढं धरला.

सोमवारी जेव्हा तिनं सहा लिहिलं तेव्हा मी विचारलं होतं, “कुठं दुखतंय?”

“पाय.”

“पाय म्हणजे कुठं? घोटा, नळी, गुडघा?”

तिनं ट्रॅकपँटच्या खिशाजवळ हात नेला, खिशाच्या आतल्या बाजूला, जांघेशी, आणि लगेच काढून घेतला. “वर. मांडीत,” ती म्हणाली आणि लाजून दुसरीकडे बघायला लागली. पुरुष कोचला आणखी काय सांगणार. तक्त्यात पाळीचाही एक रकाना होता, शिरोळकर मॅडमनी मुद्दाम घालायला लावलेला. डॉ. शिरोळकर म्हणजे माझ्या मार्गदर्शक. पाळी थांबली की हाडं ठिसूळ होतात, असं त्यांनी बजावलं होतं. रेणुकानं त्या रकान्यात नऊ आठवडे नुसती आडवी रेघ मारली होती. लाजतेय, असं म्हणून मी ती रेघ सोडून देत आलो होतो. सोमवारी ती रेघ मी पहिल्यांदा नीट बघितली.

तरी मी तिला पळू दिलं. मंगळवारी चार लिहिल्यावरही पळू दिलं.

बुधवारी डांबरी रस्त्यावर बारा किलोमीटर होतं. मी स्कूटरवरून मागं होतो. ब गटातल्या आठजणी ओळीनं पळत होत्या आणि सोळा पायांच्या आवाजातून मला एक पाय वेगळा ऐकू यायला लागला. बाकीचे पाय टप टप पडत होते, हा एक पाय किंचित उशिरा आणि हलका पडत होता. जमिनीवर ठेवायचा आणि लगेच उचलायचा. एरवी मी त्या आवाजावर स्कूटर पुढं घालून म्हणालो असतो, “थांब गं बाई, बस मागं.” चौदा वर्षांत असं शंभरदा केलं असेल. त्या दिवशी मी स्कूटर मागं ठेवली. जरा जास्तच मागं, म्हणजे ऐकू येऊ नये.

परत आल्यावर ती पायरीवर बसून बूट सोडत होती. मी विचारलं, “काय गं, कसं आहे?”

“बरं हाय, सर.”

“नक्की?”

“व्हय की. शनिवारपतूर काय हुत न्हाई त्याला.”

शनिवारी चाचणी होती. तिनंही शनिवारपर्यंतचेच दिवस मोजले होते.

गुरुवारी दुपारी मी शिरोळकर मॅडमना फोन लावला. सांगूनच टाकायचं, असं ठरवून लावला होता. बाईंचं काम सरळ होतं. त्या आधी तुमचं ऐकायच्या आणि मग उत्तर चुकवता येणार नाही असं काहीतरी विचारायच्या. मी गोलगोल फिरत म्हणालो, “मॅडम, समजा ब गटात एक मुलगी कमी झाली, सातच राहिल्या, तर?”

“तर तुमची संख्या आधीच कमी आहे, तेजम. पंधरावर काही सिद्ध होणार नाही. निष्कर्ष निघाला नाही असं लिहायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा करायचं. त्यात लाज कसली?” मग त्या थांबल्या. “का हो, कुणाला काही झालंय का?”

पुढच्या वर्षी कंत्राट असेल की नाही हे मला माहीत नव्हतं. एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

“नाही,” मी म्हणालो.

“नक्की ना? कारण नियम तुम्हीच लिहिलाय. दोन दिवस पाच आलं की बाहेर.”

“लागोपाठ पाच कुणाचंच नाही, मॅडम.”

हे खोटं नव्हतं. मंगळवारी चार होतं, बुधवारी चार, गुरुवारीही चार. कागद स्वच्छ होते. फोन ठेवल्यावर मी ते सगळे पुन्हा काढून बघितले आणि मला त्यांचीच भीती वाटली. तीन दिवस तेच चार, त्याच वळणाचे, घाईनं काढलेले. त्यांच्या आधी सोमवारचं सहा. ते मात्र दाबून, सावकाश लिहिलेलं होतं.

शुक्रवारी हलकं पळणं होतं. झाल्यावर पोरी पांगायला लागल्या. मी ठरवलं, आता उडी मारायला लावायची. एका पायावर, जागच्या जागी, एकदाच. कळ आली नाही तर प्रश्नच मिटला, उगाच जीव टांगणीला लागलाय तो सुटेल. मी हाक मारली, “रेणुका, इकडं ये.”

ती आली. हात मागं बांधून समोर उभी राहिली. डाव्या पायावर भार होता आणि उजवा नुसता टेकलेला. मी त्या उजव्या पायाकडे बघत राहिलो. उडी मारायला सांगितली असती तर मला अर्ध्या मिनिटात कळलं असतं. आणि कळल्यावर, मला माहीत नव्हतं, असं मला कधीच म्हणता आलं नसतं. माझी खरी भीती ती होती. पोरीच्या हाडाची भीती तिच्यामागं उभी होती. त्या दिवशी मी हा हिशेब केला, आणि कुठली भीती मोठी ते ठरवलं.

“काय सर?”

“उद्या वेळेवर ये.”

“येते की.” ती हसली. “तुमी का एवढं घाबरलाय? आमी पळतोय न्हवं. तुमाला पास करूनच सोडतोय बघा.”

ती फाटकाकडे गेली. एस.टी. यायला वेळ होता, म्हणून बाकीच्या पोरी उड्या मारत रस्ता ओलांडून टपरीवर गेल्या. रेणुका खांबाला धरून एका जागी उभी राहिली. गाडी आली तेव्हा तिनं आधी डावा पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला, आणि उजवा हातानं उचलल्यासारखा वर ओढून घेतला. मग दार लागलं.

शनिवारी सकाळी मैदानावर फक्कीच्या रेघा मी स्वतः मारल्या. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मला हाताला काम पाहिजे होतं. साडेसहाला अ गट पळाला. विश्रांती मिळालेल्या पोरी छान पळाल्या. आठपैकी सहाजणींची वेळ सुधारली होती. माझं म्हणणं खरं निघत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी ब गटातली सातवी काय करतेय ते बघत होतो. ती कडेला बसून उजव्या मांडीला दोन्ही हातांनी चोळत होती.

तिचा त्या दिवसाचा कागद मी हातात घेतला. तीन.

“तीन?” मी म्हणालो.

“आज जरा कमी हाय.” ती माझ्याकडे बघत नव्हती.

सव्वासातला ब गट सुटला. पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. मी शेवटच्या रेघेवर घड्याळ आणि फळी घेऊन उभा होतो आणि प्रत्येकीची प्रत्येक फेरी लिहीत होतो. रेणुका पहिल्या फेरीतच पुढं गेली. अठ्ठ्याऐंशी सेकंद. एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी. पायऱ्यांवर बसलेल्या अ गटातल्या पोरी टाळ्या वाजवत होत्या. मला वाटायला लागलं, मी उगाच भ्यालो. एवढं दुखत असतं तर कुणी असं पळतं का? चौथी फेरी नव्वद. पाचवी नव्वद. माझा श्वास जरा मोकळा झाला.

सहाव्या फेरीला ती माझ्यासमोरून गेली तेव्हा तिचे ओठ पांढरे झाले होते. त्र्याण्णव. सातवीला उजवा खांदा खाली पडत होता. शहाण्णव. मागची पोरगी तिच्या बरोबरीला आली. तिनं तिला पुढं जाऊ दिलं नाही.

मी शिट्टी तोंडात धरली. आमच्या मैदानावर लांब शिट्टी म्हणजे असाल तिथं थांबायचं, आणि ती ऐकून न थांबणारं पोरगं मी बघितलेलं नाही. आठव्या फेरीला ती समोरून गेली. पाय पडताना तिच्या तोंडातून बारीक आवाज येत होता, प्रत्येक उजव्या पावलाला एक. अठ्ठ्याण्णव. मी लिहिलं. शिट्टी तोंडातच होती. साडेचार फेऱ्या राहिल्या होत्या, म्हणजे सात-साडेसात मिनिटं. नऊ आठवडे गेले, आता सात मिनिटं. नववी एकशे दोन. लिहिलं.

दहाव्या फेरीत, पलीकडच्या वळणावर, ती पडली.

अडखळून पुढं पडतात तशी नाही. एका बाजूला, उजवीकडे, खालचा आधार काढून घेतल्यासारखी. किंचाळली नाही. मागून येणाऱ्या पोरी तिला वळसा घालून दोन पावलं पुढं गेल्या आणि थांबल्या. ती हातांवर उठायला बघत होती. मी पळालो. पळताना शिट्टी वाजत होती, कारण ती तोंडात होती आणि मी धापा टाकत होतो. जवळ गेलो तर तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं होतं. खुब्याचं हाड सरकल्यावर पाय असा दिसतो, हेही त्या डॉक्टरांनी वर्गात सांगितलं होतं.

त्या वळणानंतर रेणुका कधी पळाली नाही.

“हलू नकोस,” मी म्हणालो. “अजिबात हलू नकोस.”

तिनं माझी बाही पकडली. दात वाजत होते. “सर, माझं हुकलं. आता मोजायचं का न्हाई ते?”

“गप्प बस.”

“किती फेऱ्या राहिल्यात? मी चालत करू का?”

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि फोन लावला. माझ्या हातातलं घड्याळ चालूच होतं. ते बंद करायचं मला दवाखान्यात सुचलं.

गडहिंग्लजच्या दवाखान्यात एक्स-रे झाला. डॉक्टर तरुण होते, माझ्यापेक्षा लहान. त्यांनी फोटो काचेवर लावला आणि मला जवळ बोलावलं. मला समजावून सांगायची गरज नव्हती. मांडीच्या हाडाची मान पूर्ण मोडून सरकली होती.

“आजच ऑपरेशन करायला हवं,” ते म्हणाले. “दोन-तीन तासांत करता आलं तर उत्तम. जितका उशीर तितका वरचा गोळा वाचण्याची शक्यता कमी. स्क्रू बसवू. चालेल ती, असं आज तरी मी म्हणतोय. पळण्याचं विचारू नका. आई-वडील कुठं आहेत?”

तिची आई तासाभरानं आली. काजूच्या कारखान्यातून तशीच निघाली होती, शेजारच्या कुणाच्या तरी मोटरसायकलवर. टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडलेली, पदर कमरेला खोचलेला. खोलीत येऊन तिनं पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ही विचारणार. पण ती म्हणाली, “तुमी हुतासा म्हणून बरं झालं, सर. एकली कुठं पडली असती तर कुणी बघितलं असतं.”

मी मान हलवली.

डॉक्टर फाइल घेऊन आत आले. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, सोप्या शब्दांत, आईकडे बघून. मग रेणुकाकडे वळले. “हे आज सकाळी अचानक झालेलं नाही. आधी चीर असणार. पंधरा दिवस, तीन आठवडे दुखत असणार तुला. दुखत नव्हतं का गं?”

“न्हाई,” रेणुका म्हणाली.

“जांघेत? पाय टेकताना?”

“न्हाई ओ. सर रोज इचारायचे. रोज कागदावर लिवून घ्यायचे. न्हाई दुखत हुतं.” ती डॉक्टरांशी बोलत होती आणि माझ्याकडे बघत होती. दुखण्यावर इंजेक्शन दिलं होतं, डोळे जड झाले होते, तरी ते माझ्यावरून हलत नव्हते. ती मला खुणेनं सांगत होती, तुम्ही काही बोलू नका, मी बघते.

डॉक्टरांनी खांदे उडवले आणि संमतीचा कागद आईपुढं धरला. “यावर सही लागेल. ऑपरेशनमध्ये काय धोके आहेत ते सगळं यात लिहिलंय. वाचून घ्या.”

आईनं कागद घेतला, उलटासुलटा बघितला आणि माझ्या हातात दिला. “तुमीच वाचा, सर. तिचं समदं तुमीच बघतासा. तिचा बा पण फोनवर तेच म्हणाला, सर म्हणतील तसं कर. तुमी करा म्हणला की मी करते सही.”

कागद माझ्या हातात होता. मी पहिली ओळ वाचली आणि मला काही दिसेना. दोन पानं होती. ती वाचायची, समजावून सांगायची, म्हणायचं, करा वहिनी सही, काही होत नाही. एवढंच करायचं होतं. पोरीनं वाट मोकळी करून दिली होती. आकडे चार, चार, चार, चार, तीन असे ओळीनं लावून दिले होते. कुणीही कधीही काहीही विचारलं नसतं. त्या खोलीत मला जेवढी भीती वाटली तेवढी त्या वळणावरही वाटली नव्हती, कारण आता मी सुटत होतो.

“वहिनी,” मी म्हणालो. “तिला दुखत होतं.”

“सर,” रेणुका म्हणाली.

“सोमवारपासून मला माहीत होतं. तिनं सांगितलं होतं. कुठं दुखतंय तेही दाखवलं होतं. त्याचा अर्थ काय होतो तो मी शिकलो होतो.”

डॉक्टर फाइलमधून वर बघायला लागले. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं चाक वाजत गेलं.

आईला लगेच कळलं नाही. तिनं पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “म्हंजे? दुखत हुतं, आणि ती पळत हुती?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

“मग तुमी काय करत हुतासा तवा?”

मी खूप शोधलं. पदवी, कंत्राट, पंधरा आणि सोळा, शिरोळकर मॅडम, यातलं काहीच त्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

“लिहून घेत होतो,” मी म्हणालो.

रेणुकानं तोंड भिंतीकडे केलं. आई रागावली असती, हात उगारला असता तर मी वाकून घेतला असता. तिनं पदराला बोटं पुसली, एकेक करून, आणि माझ्या हातातला कागद काढून घेतला. कागदाच्या कडेला काळा ठसा उमटला. मग माझ्याकडे पाठ करून तिनं तो डॉक्टरांपुढं धरला.

“ह्यात काय लिवलंय ते तुमी वाचून दावा मला,” ती म्हणाली. “सगळं वाचा.”